आनुवंशिक सल्ला : समक्ष कीं दुरून?

गेल्या वर्षीं, पावसाळ्याच्या तोंडावर, आमच्या घरांत एक प्रश्न उपस्थित झाला. आमच्या धाकट्या सूनबाईंच्या मातोश्री स्तनाच्या कर्करोगानें वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वारल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे सूनबाईंच्या मावशींना, त्याच रोगानें गांठलें होतें. परंतु वेळींच शस्त्रक्रिया झाल्यामुळें त्या बचावल्या आणि आज एकाहत्तराव्या वर्षीं कोंकणांतील आपल्या घरीं नातवंडांत रमल्या आहेत. सूनबाई स्वतःची प्रकृति दाखविण्यास गेल्या असतां डॉक्टरांनीं त्यांच्या माहेरची हकीकत विचारली, कागदावर दोन-चार रेघा ओढल्या आणि म्हटलें, "आपण एकदां आनुवंशिक सल्लागाराला भेटा. आपल्या गांवांत तशी सोय नाहीं, मुंबईस जावें लागेल. हल्लीं हा सल्ला घरबसल्या व्हिडिओ-कॉलवरहि मिळतो. काय तें आपण ठरवा."

"काय तें आपण ठरवा" हे शब्द डॉक्टरांनीं सहज उच्चारले असतील. पण आमच्यासारख्या तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांत त्यांनीं चांगलीच खळबळ उडविली. आमच्या लहानपणीं आजाऱ्याला निवड अशी नव्हतीच. वैद्यबुवा घरीं येत, नाडी पाहत आणि पथ्यपाणी वडील माणसांना सांगून जात. पुढें डॉक्टर आले, दवाखाने आले. तरी मुख्य बोलणें वडिलांशींच होई. आतां मात्र रोग्यालाच, आणि येथें तर रोगहि न झालेल्या व्यक्तीला, विचारण्यांत येतें कीं, तुम्हांला सल्ला समक्ष हवा कीं दुरून? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं आरंभीं फार घाईनें दिलें आणि तें चुकलें. ती चूक, आणि तिच्या निमित्तानें आम्हीं जें वाचलें व विचारून घेतलें तें, सूनबाईंच्या संमतीनें येथें मांडीत आहों. कारण असा प्रसंग आज पुष्कळ घरांवर येऊं लागला आहे.

प्रथम हा सल्ला म्हणजे काय तें पाहूं. आनुवंशिक सल्लागार औषध देत नाहीं कीं शस्त्रक्रिया करीत नाहीं. एखादा रोग कुळांत वाहत आला असल्यास तो कोणाकडे जाण्याचा किती संभव आहे, तो ओळखण्याची चांचणी कोणती, ती करावी कीं न करावी, आणि उत्तर हातीं आल्यावर पुढें काय काय करतां येतें, हें समजावून सांगणें हें त्याचें काम. ह्या कामाला इंग्रजींत जें नांव रूढ आहे तें शेल्डन रीड ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४७ सालीं दिलें. त्याच वर्षीं ते मिनेसोटा विद्यापीठाच्या डाइट संस्थेचे प्रमुख झाले होते. तोंपर्यंत ह्या विषयावर सुप्रजाशास्त्राची गडद छाया होती. कोणी लग्न करावें आणि कोणी मुलांना जन्म देऊं नये ह्याविषयीं हुकूम सोडण्याकडे पुष्कळ विद्वानांचा कल असे, आणि अमेरिकेंतील कित्येक राज्यांत तर सक्तीच्या निर्बीजीकरणाचे कायदेहि झाले होते. रीड ह्यांना हुकूम नको होता, सल्ला हवा होता. माहिती सल्लागारानें द्यावी, निर्णय ज्याचा त्यानें घ्यावा, हें ह्या व्यवसायाचें पुढें ब्रीदच झालें. १९६९ सालीं न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स महाविद्यालयांत त्याचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, आणि आनुवंशशास्त्र व माणसाशीं बोलण्याची कला अशा दोन्ही गोष्टी शिकलेल्या सल्लागारांचा एक स्वतंत्र वर्ग निर्माण झाला.

ह्या सल्लागाराचें पहिलें साधन म्हणजे वंशवृक्ष. पुरुषासाठीं चौकोन, स्त्रीसाठीं वर्तुळ, रोग झालेल्याची आकृति भरलेली, निवर्तलेल्याच्या आकृतीवर तिरपी रेघ. अशा निदान तीन पिढ्या तो कागदावर मांडतो. वंशवृक्ष ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. आपल्याकडे कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या परिश्रमानें छापलेले आहेत. परंतु त्यांत पुत्रपौत्रांच्या शाखा विस्तारत जातात. मुलगी सासरीं गेली कीं तिची रेघ बहुधा तेथेंच थांबते. शिवाय कोण कोणत्या हुद्द्यास चढला हें त्यांत सांपडतें. कोण कशानें वारला हें क्वचितच सांपडतें. निसर्ग आडनांव पाहत नाहीं. आईकडचा वारसा आणि बापाकडचा वारसा तो सारख्याच मापानें मोजून देतो. म्हणून सल्लागाराला हवी असलेली माहिती कुलवृत्तांतांत नसते. ती घरांतील म्हाताऱ्या आत्याबाईंच्या आठवणींत असते, आणि पुष्कळदां "त्याबद्दल बोलूं नये" असें ठरलेल्या गोष्टींत असते. हा शेवटचा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

सूनबाईंच्या बाबतींत ज्या दोन जनुकांचा संशय होता त्यांचीं नांवें 'बीआरसीए-१' व 'बीआरसीए-२'. मेरी-क्लेअर किंग ह्या विदुषीनें १९९० सालीं पहिल्या जनुकाचा ठाव सतराव्या गुणसूत्रावर दाखवून दिला. १९९४ सालीं तें प्रत्यक्ष हातीं लागलें, आणि दुसरें त्याच्या पुढच्या वर्षीं. हीं जनुकें आपणां सर्वांच्याच शरीरांत असतात, आणि वस्तुतः त्यांचें काम डागडुजीचें, म्हणजे रक्षणाचें आहे. त्यांत विशिष्ट बिघाड असला तर तें रक्षण ढिलें पडतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या, जवळजवळ दहा हजार स्त्रियांच्या पाहणीप्रमाणें, असा बिघाड असलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा संभव शेंकडा ७० च्या आसपास असतो. अंडाशयाच्या कर्करोगाचा संभव पहिल्या जनुकाच्या बाबतींत शेंकडा ४४ व दुसऱ्याच्या बाबतींत शेंकडा १७. आईबापांपैकीं एकाकडे बिघाड असला तर प्रत्येक मुलाकडे व मुलीकडे तो येण्याचा संभव बरोबर निम्मा. उपाय आहेत : लहान वयापासून नियमित तपासण्या, आणि कांहींच्या बाबतींत रोग होण्यापूर्वींच केलेली शस्त्रक्रिया. पण अशा शस्त्रक्रियेचा प्रश्न तिशीच्या बाईपुढें येतो तेव्हां त्यांत तिचें शरीर, तिचें मातृत्व आणि तिचा संसार हीं सारींच गुंतलेलीं असतात.

आतां समक्ष कीं दुरून, ह्या प्रश्नाकडे वळूं. ह्या सल्ल्यांत नाडी पाहावयाची नसते, पोट चांचपावयाचें नसतें. सारें काम शब्दांचें. मग शब्द तारेवरून गेले तर काय बिघडलें, हा विचार मनांत येणें साहजिक आहे. अमेरिकेंत सल्लागार थोडे, अंतरें मोठीं, आणि खेड्यांतील स्त्रियांना शहर गांठणें कठीण. म्हणून तेथें ह्याचा कसून तपास झाला. वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, बोस्टन आणि व्हरमाँट येथील चार केंद्रांनीं मिळून केलेला एक प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. ह्याच दोन जनुकांविषयीं सल्ला हवा असलेल्या ६६९ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गटांत वांटलें; एका गटाला समक्ष सल्ला, दुसऱ्याला टेलिफोनवरून. विषय किती समजला, मनाची चलबिचल किती राहिली, चिंता किती वाढली, समाधान किती झालें, हें मोजलें असतां टेलिफोनवरचा सल्ला समक्ष सल्ल्याहून कमी ठरला नाहीं. खर्च मात्र कमी आला. ऑस्ट्रेलियांत दूरच्या वस्त्यांतील स्त्रियांना व्हिडिओवरून असाच सल्ला देऊन पाहिला, त्याचाहि निष्कर्ष साधारण असाच निघाला.

येथवर वाचून आम्ही अगदीं निश्चिंत झालों होतों. पण अहवालाचा पुढचा भाग आम्हीं तेव्हां वाचला नव्हता. त्याच अमेरिकन प्रयोगांतील स्त्रियांना आपला अनुभव कसा वाटला ह्याविषयींचा अहवाल २०१६ सालीं निघाला. टेलिफोनवाल्या स्त्रियांना सोय अर्थातच पुष्कळ अधिक वाटली. परंतु आपल्याला आधार मिळाला, आपल्या मनाची स्थिति समोरच्या बाईंनीं ओळखली, असें म्हणणाऱ्या स्त्रिया त्यांच्यांत कमी होत्या. आणखी एक भेद असा : समक्ष सल्ला घेतलेल्यांपैकीं शेंकडा ९० स्त्रियांनीं पुढें चांचणी करून घेतली, टेलिफोनवाल्यांपैकीं शेंकडा ८४ जणींनीं. यूटा राज्यांतील दुसऱ्या एका प्रयोगांतहि टेलिफोननंतर चांचणीस जाणाऱ्या स्त्रिया कमीच भरल्या. ह्यावरून टेलिफोन वाईट असा निष्कर्ष काढणें उतावीळपणाचें होईल. सल्ल्याचा हेतु चांचणी गळ्यांत मारण्याचा नसतोच, आणि समक्ष गेलेल्या बाईला त्याच दिवशीं रक्त देऊन मोकळें होतां येतें हाहि फरक आहे. नॉर्थ कॅरोलिनांत व्हिडिओ व समक्ष भेट ह्यांची तुलना झाली, तेव्हां संस्थेला पडणारा खर्च व्हिडिओच्या बाबतींत दर रोग्यामागें १०६ डॉलर व समक्ष भेटीच्या बाबतींत २४४ डॉलर असा आला, आणि समाधानांत भेद आढळला नाहीं. तरीहि ठरल्या वेळीं प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यांचें प्रमाण समक्ष भेटींत शेंकडा ८९ आणि व्हिडिओच्या भेटींत ७९ होतें. तात्पर्य, कळण्याच्या बाबतींत दोन्ही मार्ग बरोबरीचे. आधार वाटण्याच्या बाबतींत सर्वांचें मत सारखें नाहीं.

आपल्या देशांत ह्या पद्धतीला निश्चित रूप आलें तें २०२० सालीं. करोनाच्या सांथींत सारें कांहीं बंद झालें, आणि २५ मार्च २०२० रोजीं दुरून वैद्यकीय सल्ला देण्याविषयींचे नियम केंद्र सरकारनें प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें व्हिडिओ, आवाज किंवा लेखी संदेश ह्यांपैकीं कोणत्याहि मार्गानें नोंदणीकृत डॉक्टरला सल्ला देतां येतो. त्यांतील एक कलम प्रत्येक घरांत ठाऊक असावें : दुरून चाललेला सल्ला कोणत्याहि टप्प्यावर थांबविण्याचा अधिकार रोग्याला आहे. हे नियम डॉक्टरांसाठीं लिहिलेले आहेत आणि आनुवंशिक सल्लागार पुष्कळदां डॉक्टर नसतात. तथापि ह्या कलमांतील न्याय दोघांनाहि सारखाच लागू पडावा.

आतां आमची चूक सांगतों. सूनबाईंनीं मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयांतील सल्लागार बाईंची वेळ घेतली, आणि "प्रवासाची दगदग कशाला?" असें म्हणून आम्हींच व्हिडिओचा आग्रह धरला. शनिवारीं दुपारीं बैठकीच्या खोलींत मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. सूनबाई समोर बसल्या, शेजारीं चिरंजीव. आमच्या सौ. वाती वळीत पलीकडे बसल्या होत्या, थोरल्या सूनबाई चहा घेऊन आल्या त्या तेथेंच थांबल्या, आणि आम्ही स्वतः आरामखुर्चींत पडून, वर्तमानपत्र पुढें धरून, एक अक्षरहि न वाचतां सर्व ऐकत होतों. बाईंनीं आरंभींच विचारलें, "ताई, खोलींत आणखी कोणी आहे का?" सूनबाई म्हणाल्या, "घरचीच मंडळी आहेत." "त्यांच्यासमोर बोलायला आपली हरकत नाहीं ना?" "नाहीं." दुसरें काय उत्तर त्या देणार होत्या? मग माहेरच्या माणसांची चौकशी झाली, पाळीविषयीं विचारलें, पुढें मूल होण्याविषयींचा विचार विचारला, भीति वाटते का असें विचारलें. सूनबाईंनीं सर्व प्रश्नांचीं नीट, थोडक्यांत उत्तरें दिलीं. भीति नाहीं, काळजी नाहीं, तसें कांहीं नाहीं. अर्ध्या तासांत सारें आटोपलें. "काय धीराची मुलगी!" असें आम्ही सौ.ना म्हणालों, आणि विज्ञानाच्या प्रगतीविषयींहि दोन शब्द बोललों.

आठ दिवसांनीं सूनबाईंनीं सांगितलें कीं, पुढची भेट मला मुंबईस जाऊन घ्यावयाची आहे. आम्हीं वाद घातला. बाई त्याच, माहिती तीच. मग रात्रीचा प्रवास, भाड्याचा खर्च आणि कचेरीची रजा कशासाठीं? अमेरिकेंतील ६६९ स्त्रियांचा दाखलाहि आम्हीं दिला. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि हळूच म्हणाल्या, "मामंजी, माहिती मला कळली. पण तिथं दार लावतां येतं."

ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन गेल्या; चिरंजीव बरोबर होते, ते बाहेरच्या बाकावर बसले. त्या बंद दाराआड काय काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. त्यांतील दोन गोष्टी सूनबाईंनीं पुढें आपण होऊन सांगितल्या. एक अशी कीं, बोलतां बोलतां त्यांना रडूं कोसळलें आणि बराच वेळ आवरेना. बाई कांहींच बोलल्या नाहींत. पाण्याचा पेला पुढें सरकवून नुसत्या बसून राहिल्या. "फोनवर एवढा वेळ गप्प राहिलें असतें," सूनबाई म्हणाल्या, "तर 'हॅलो, आवाज येतोय ना?' असंच विचारलं असतं कुणी तरी." दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्यांच्या आजीची एक बहीण चाळिशींत 'पोटाच्या दुखण्यानें' वारली होती. तें दुखणें म्हणजे अंडाशयाचा कर्करोग होता हें माहेरीं मोठ्या माणसांना ठाऊक होतें. पण मुलींचीं लग्नें व्हावयाचीं होतीं, म्हणून त्याविषयीं अवाक्षर काढावयाचें नाहीं असें ठरलें होतें. आमच्या घराशीं सोयरीक जमतांनाहि तें सांगितलें गेलें नव्हतें. मग आमच्या बैठकींत, आम्ही वर्तमानपत्राआड कान टवकारून बसलों असतां, तें त्या कसें सांगणार? त्या शनिवारीं काढलेल्या वंशवृक्षांत एक वर्तुळ कमी होतें. आणि तें वर्तुळ साधें नव्हतें. एकाच कुळांत स्तनाचा व अंडाशयाचा असे दोन्ही रोग असणें ही ह्या जनुकांविषयींच्या संशयाला बळकटी आणणारी गोष्ट आहे.

तेव्हां समक्ष भेटच खरी, असें म्हणून हा लेख येथेंच संपविला असता. परंतु त्याच कुटुंबांत लगेच उलट अनुभव आला. बाईंनीं सांगितलें कीं, अशा वेळीं ज्या व्यक्तीला रोग होऊन गेला आहे तिची चांचणी आधीं करणें श्रेयस्कर. तिच्यांत विशिष्ट बिघाड सांपडला तर मग इतरांत तेवढाच शोधावा लागतो आणि उत्तर निःसंदिग्ध मिळतें. म्हणजे आधीं मावशी. मावशींचे गुडघे धरलेले. घरापासून बसच्या थांब्यापर्यंत चालणेंहि त्यांना जमत नाहीं. मुंबईला जाणें हाच एक मार्ग असता तर त्यांची चांचणी झालीच नसती, आणि मागच्या सर्व भाच्यांना अंधारांतच चांचपावें लागलें असतें. पहिल्यानें टेलिफोनवर बोलून पाहिलें. पण मावशींना कमी ऐकूं येतें, त्यामुळें जमेना. मग व्हिडिओ. त्यांच्या घरीं मोबाईलला नीट संदेश मिळतो तो अंगणांत, तुळशीवृंदावनाजवळ. म्हणून तेथें खुर्ची टाकली. बाईंचें प्रत्येक वाक्य सून मोठ्यानें मावशींच्या कानाशीं सांगे, तेव्हां शेजारच्या दोन घरांनाहि सल्ला मिळाला असावा! मावशींना त्याचें कांहींच वाटलें नाहीं. "माझं आतां काय लपवायचं राहिलंय?" त्या म्हणाल्या. बाईंचा चेहरा दिसला, त्यांनीं घाई केली नाहीं आणि मागाहून सर्व कांहीं मराठींत लिहून पाठविलें, ह्याचाच त्यांना मोठा संतोष. तालुक्याच्या गांवच्या माणसानें घरीं येऊन रक्त नेलें. बिघाड सांपडला, हें लिहिण्याची मोकळीक मावशींनींच आम्हांस दिली आहे.

तिसरा अनुभव सूनबाईंच्या मामेभावाचा. हा बंगळूरला नोकरीस आहे. हा बायकांचा रोग, मला काय त्याचें, अशी त्याची समजूत होती. वडिलांकडून तो बिघाड आपल्याकडे आणि आपल्याकडून आपल्या मुलीकडे जाऊं शकतो हें त्याला प्रथमच कळलें. त्याला समक्ष भेट नको होती आणि व्हिडिओहि नको होता. नुसता टेलिफोन हवा होता. दुपारच्या सुटींत कचेरीच्या आवारांत उभ्या केलेल्या आपल्या मोटारींत, कांचा वर करून, तो तीन पाव तास बोलला. पुढें तो सूनबाईंना म्हणाला, "समोर कोणी नव्हतं म्हणूनच मला विचारतां आलं." ज्या न दिसण्यामुळें एकीला आधार तुटल्यासारखा वाटला असता, त्याच न दिसण्यानें दुसऱ्याची जीभ मोकळी झाली. आणि पाहावें तर त्याला जें मोटारींत मिळालें तें सूनबाईंना मुंबईस मिळालें : लावतां येणारें दार.

ह्या सर्वांवरून आमच्या मनाचा जो ग्रह झाला तो असा. 'रोग्यांना काय आवडतें?' ह्या प्रश्नाला सरसकट उत्तर नाहीं. एकाच जनुकाच्या शोधांत एकाच कुळांतील तीन माणसांनीं तीन निरनिराळे मार्ग पत्करले आणि तिघांचेहि बरोबर होते. आवड ही यंत्रावर अवलंबून नसते. काय ऐकावयाचें आहे, काय सांगावयाचें आहे, आणि तें कोणाच्या कानांवर पडणार आहे, ह्यांवर ती ठरते. अमेरिकन पाहण्यांतील स्त्रियांचीं घरें कशीं होतीं आम्हांस ठाऊक नाहीं. पण आपल्या एकत्र कुटुंबांत 'घरबसल्या' ह्या शब्दाचा अर्थ 'सर्वांच्या देखत' असा सहज होतो, हें विसरून चालणार नाहीं. उलट, माहिती गोळा करण्याच्या कामीं हेंच घर फार उपयोगी पडतें. आत्या, मावशा, काका ह्यांच्या आठवणी हाताशीं असतात. तेव्हां कुळाची हकीकत सर्वांनीं बसून आधीं लिहून काढावी, आणि सल्ल्याच्या वेळीं मात्र ज्याचें त्याला एकट्याला बसूं द्यावें, हें उत्तम. ज्यांना जोडीदार किंवा बहीण जवळ हवी असेल त्यांनीं ती स्वतः निवडावी.

आणखी कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. सल्ला दुरून घ्यावयाचा असल्यास दार लावलेल्या खोलींत, कानाला आवाजाचें यंत्र लावून घ्यावा. म्हणजे निदान समोरच्याचे प्रश्न तरी बाहेर ऐकूं जात नाहींत. मोबाईल रस्त्यांत किंवा गाडींत असतांना वाजला आणि कोणी चांचणीचें उत्तर सांगूं लागलें तर "आतां नको, अमुक वेळीं सांगा" असें म्हणण्यास संकोचूं नये. उत्तर कोणत्या मार्गानें ऐकावयाचें हें रक्त देण्यापूर्वींच ठरवून ठेवावें. कित्येकांना पहिली ओळख समक्ष झाली कीं पुढचें सारें फोनवर चालतें, आणि कित्येकांचें नेमकें उलट असतें. कमी ऐकूं येणाऱ्या वृद्धांसाठीं चेहरा दिसेल अशीच सोय पाहावी. कोणत्याहि मार्गानें सल्ला घेतला तरी त्याचा सारांश आपल्या भाषेंत लेखी मागावा. घाबरलेल्या मनाला ऐकलेल्यांतलें थोडेंच आठवतें. आणि दुरून चाललेलें बोलणें मनाला पटेनासें झालें तर तें थांबवून समक्ष भेट मागण्यांत कोणाचाहि अपमान नाहीं.

शेवटीं वडील मंडळींना दोन शब्द, आणि ते प्रथम आम्हांस स्वतःला लागू आहेत. लग्न जमवितांना मंगळ पाहणारीं आपण माणसें. उद्यां जनुकांचे कागद पत्रिकेसारखे हातोहात फिरूं लागले तर ह्या विद्येनें रक्षण होण्याऐवजीं मुलींच्या पायांत नवी बेडी पडेल. सूनबाईंच्या आजीच्या बहिणीचा रोग ज्या भीतीनें झांकला गेला ती भीति आमच्यासारख्या सासरच्या बैठकींतूनच निर्माण झालेली होती. तो वेळीं उघड झाला असता तर सूनबाईंच्या मातोश्रींची तपासणी लवकर झाली असती किंवा कसें, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. पण तो विचार आम्हांस रात्रीं छळतो.

सूनबाईंची चांचणी झाली आणि तिचें उत्तरहि आलें. तें काय आलें हें ह्या लेखांत सांगितलेलें नाहीं, ह्याचें कुतूहल वाचकांस वाटेल. तें उत्तर त्यांचें आहे. ज्यांना सांगावयाचें त्यांना त्यांनीं सांगितलें आहे. उत्तर ऐकण्यासाठीं त्यांनीं ह्या वेळीं व्हिडिओच पसंत केला. बाईंची ओळख झाली होती, आतां प्रवासाची गरज नाहीं, असें त्या म्हणाल्या. ठरल्या दिवशीं सकाळींच आम्हीं घरांतील सर्वांना बजावून ठेवलें, माडीवरची खोली झाडून घेतली, आणि तिच्या दाराची वर्षानुवर्षें न बसणारी कडी सुताराकडून दुरुस्त करून घेतली.